माईकवरची कोल्हेकुई

डोंगरकडा गावाच्या अलीकडच्या फाट्यावर चाँद पाशाचं पंक्चरचं दुकान, आन् त्याला खेटून कोंडीबाची चहाची टपरी. एकमेकाची जिरवल्याबिगर दोघांनाही घास गोड लागत नव्हता.

त्या दिवशी पैज लागली ती गावामागच्या टेकडीवरून. एका कंपनीला तिथं दगडाची खाण आन् क्रशर टाकायचं होतं, आन् पर्यावरणाची पाहणी करायला तिची माणसं येणार होती; मग सरकारी साहेबांसमोर गावात सुनावणी.

"वर चढत न्हाईत ते," कोंडीबा कपबशा विसळत म्हणाला. "मागच्या टायमाला काय केलं? जीपची काच खाली, एक फोटू, काच वर. झाली पाहणी!"

"यंदा चढतील."

"पाशा, लावतो का पैज?"

"लावली. हरंल त्यानं सुनावणीत, समद्या साहेबांसमोर, माईकवर कोल्हेकुई द्यायची."

टपरीवरचे लोक खदखदून हसले. चाँद पाशाही हसला, पण नजर त्याची टेकडीकडंच होती. टेकडीच्या कपारीत एक झरा होता. उन्हाळ्यात गावचे हातपंप नुसते खडखडायचे, तवा त्याच्या फातिमाबीची घागर तिथंच भरायची. कोंडीबाच्या रुक्माबाईची हळदही त्याच पाण्यावर. खाणीत सुरुंग उडाले की झरा कुठं तोंड फिरवील, कोण सांगावं? आन् जीपच्या काचेतून झरा काही दिसत न्हाई.

जीप आली ती ऐन मे महिन्याच्या उन्हात. एक पोक्त साहेब, ड्रायव्हर, आन् नवीच लागलेली पल्लवी मॅडम. चहा झाला. मॅडमनं टेकडीकडं बोट केलं, तर साहेब म्हणाले, "वर काय आहे? उजाड माळ. इथून दिसतोय की."

कोंडीबानं चाँद पाशाला डोळा मारला.

चाँद पाशा चप्पल नीट करायच्या निमतानं जीपमागं वाकला. आधी स्टेपनीच्या वॉल्व्हात काडी दाबली, मग मागल्या चाकाच्या. फुस्स! आन् लगेच साळसूदपणे ओरडला, "साहेब, मागलं चाक बसलं वो!"

फाट्यावर पंक्चरवाला एकच. त्यानं ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, आन् नसलेलं भोक मन लावून शोधाय बसला. "बारीक दिसून राहिलं, साहेब. बारीक भोकच लई तकलीफ देतंय."

साहेब जीपमधी घोरायला लागले. मॅडम घामानं भिजून गेली होती. तेवढ्यात डोक्यावर घागर घेऊन रुक्माबाई निघाली. "लेकी, उनात काहून बसली? चल वर, थंडगार पाणी पाजते."

पोरगी गेली. परत आली तवा तोंड धुतलेलं, बाह्या चिंब. "सर, वर जिवंत झरा आहे! फोटो काढलेत मी."

"बघू," साहेब म्हणाले आन् घड्याळ पाहिलं.

जीप गेली तसा चाँद पाशा नाचायलाच लागला. "चढली! कोंडीबा, गळा साफ करून ठेव!"

"ते कायको चढली ते बी सांगो ना," पाठीमागून आवाज आला. फातिमाबी डबा घेऊन उभी. "दोन्ही चाकाची हवा तुमीच सोडली. म्या डोळ्यानं पाह्यलं."

घरचंच माणूस उलटलं! रुक्माबाईनं निकाल दिला, "भाऊ, बेइमानीची पैज हरल्यात जमा."

सुनावणीला शाळेसमोर मांडव पडला. कंपनीच्या माणसानं अहवाल वाचला. टेकडी उजाड, झाडोरा विरळ, पाण्याचा कोणताही स्रोत आढळला नाही.

"हाय की झरा!" रुक्माबाई उभी राहिली. "माझी हळद काय हवेवर वाढती का?"

"ताई, पावसाळ्यात थोडी ओल असते. आमची टीम सगळी टेकडी फिरली आहे."

रुक्माबाई खाली बसली. चाँद पाशानं मागं पाहिलं. शेवटच्या रांगेत पल्लवी मॅडम ओढणीला पीळ घालत मान घालून बसली होती. तिची नोकरी पहिल्या रांगेतल्या त्या पोक्त साहेबाच्या हातात. चाँद पाशाला तिचा राग आला न्हाई. तो उठला आन् त्यानं माईक धरला.

"साहेब, टीम काही फिरली न्हाई. वर एकच जण गेलं, आन् ते माझ्यामुळं." मग त्यानं काडी, स्टेपनी, नसलेलं भोक, समदं सांगून टाकलं. मांडव हसून हसून लोळायला लागला. "गुन्हा लिहायचा तर माझ्या नावानं लिहा. पर हवा ऱ्हायली असती, तर झरा कोणीच पाहिला नसता."

सुनावणी घ्यायला आलेले मोठे सरकारी साहेब आतापर्यंत जांभया देत होते. ते सावरून बसले. "वर कोण गेलं होतं?"

रुक्माबाईनं शेवटच्या रांगेकडं पाहिलं.

"मी, सर." पल्लवी उभी राहिली. आवाज कापत होता. "झरा वाहता आहे. भर मे महिन्यात. मी फोटोसकट लिहून दिलं होतं." शेवटचं वाक्य बोलताना आवाज कापला न्हाई.

पोक्त साहेबांनी मागं वळूनही पाहिलं न्हाई. मोठे साहेब लेखनिकाला म्हणाले, "नीट नोंद घ्या. मी आत्ता स्वतः वर जाऊन पाहतो. त्याशिवाय हा अहवाल पुढं जाणार नाही."

रुक्माबाईनं पदरानं डोळे पुसले आन् पल्लवीच्या पाठीवर हात ठेवला. साहेब उठणार, इतक्यात कोंडीबा बाकड्यावर चढला. "साहेब, थांबा! पैज ऱ्हायली!"

"कोंडीबा, घरी देतो की," चाँद पाशानं हात जोडले.

"घरी कशाला? माईकवर ठरलं व्हतं!"

"देओ ना जी," फातिमाबी म्हणाली, "साहेब खोळंबलेत."

चाँद पाशानं डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, मान आभाळाकडं केली, डोळे मिटले, आन् अशी लांबलचक कोल्हेकुई दिली की कर्ण्यासकट मांडव घुमला. गल्लीतली झाडून सारी कुत्री भुंकत सुटली. पल्लवी तोंडावर ओढणी धरून हसत होती.

लेखनिकाचा पेन हवेतच थांबला. "सर, हे कसं लिहू?"

"एकदाच दिली!" कोंडीबा बाकड्यावरून ओरडला. "स्टेपनीची बाकी हाय अजून!"

चाँद पाशानं मुकाट्यानं पुन्हा मान वर केली.