दीड बोट

दुरुस्ती

नकाशे काढणाऱ्या म्हाताऱ्याने पात्याच्या टोकाने ठिपका खरवडला आणि कागदावर फुंकर मारली.

"काका, सगळं जग मोकळं पडलंय," पाठ्यपुस्तकांच्या संपादकबाई वाकून म्हणाल्या, "आणि धर्म बघा, सगळे एकाच खंडात जन्मलेत. मांडीला मांडी लावून."

"म्हणून तर हा एक सरकवला होता. नावावर नाव येत होतं."

"किती सरकवलात?"

"दीड बोट."

प्रमाण

एक बोट म्हणजे सहाशे किलोमीटर.

अकरा वर्षांपूर्वी याच नकाशाची शाई ओली असताना लेक लग्नाचं सांगायला आली होती. मुलगा परधर्माचा. म्हाताऱ्याने एक बोट आपल्या धर्माच्या ठिपक्यावर ठेवलं, दुसरं त्या सरकवलेल्या ठिपक्यावर.

"कुठे ते, कुठे आपण."

लेक शाळेत भूगोल शिकवायची. तिने निरखून पाहिलं.

"बाबा, हा ठिपका इथे नाहीये."

"जागा नव्हती."

"हं," म्हणून तिने पर्स उचलली.

तक्रार

त्यानंतर दरवर्षी नवी आवृत्ती निघाली की कचेरीत एक पत्र यायचं. 'पान बेचाळीस. ठिपका चुकला आहे. कृपया मूळ जागी घ्यावा.' खाली सही नसायची. पण तो पोट फुगलेला 'ठ' त्यानेच पाटीवर गिरवून घेतला होता.

पत्र तो खणात ठेवायचा. ठिपका हलवायचा नाही. हलवला तर पुढच्या वर्षी ती काय लिहिणार?

दिशा

"आजवर तक्रारी येऊनही तुम्ही ढिम्म," संपादकबाई म्हणाल्या. "यंदा तर कुणाचं पत्रसुद्धा नाही. मग आत्ताच कशाला?"

त्याने टाक बुडवला. मूळ जागी ठिपका दिला. दोन्ही नावं एकमेकांत शिरली.

"वाचता येत नाहीत हो."

"राहू द्या. छापून झालं की मला एक प्रत हवी. पोस्टाने पाठवायचीय."

"द्या ना पत्ता, मी पाठवते."

त्याने खण ओढला. दहा पाकिटं. एकेक उलटून पाहिलं. पाठवणाऱ्याचा पत्ता एकावरही नव्हता.

त्याने भिंग पुसलं, दिवा जवळ ओढला आणि सगळ्यांत वरच्या पाकिटावरचा पुसट झालेला पोस्टाचा शिक्का वाचायला घेतला.