चादरीवरची सुरकुती

"सिस्टर, आजोबांचं सगळं साफ करताना तुम्हाला किळस येत नाही का?"

प्रश्न माझा नव्हता. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून माझी हिंमत नुसती उतू चालली होती. दप्तर खांद्यावर असतानाच मी विचारून मोकळी झाले.

सिस्टर आजोबांना कुशीवर वळवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"येते की. तुझं अक्षर बघूनही येते. म्हणून काय तुझ्या बाई वह्या तपासायच्या थांबतात?"

आजोबांच्या घशातून खुसखुस आवाज आला. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू आणि बोलणं नेलं होतं, हसणं तेवढं शिल्लक होतं.

सिस्टर म्हणजे काही मायेचा पुतळा नव्हत्या. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, तोंडानं फटकळ. चहा पाणचट झाला की मला परत करायला लावायच्या. काम उरकलं की खुर्चीत पाय वर घेऊन मोबाइलवर मालिका बघत बसायच्या. पण मालिका कितीही रंगात आलेली असो, मध्येच उठून आजोबांची कूस बदलायच्या, चादर ताणायच्या, छोटा आरसा धरून टाचा आणि माकडहाड न्याहाळायच्या. आजोबांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. चादरीला एवढीशी सुरकुती राहिली तरी चांगल्या हातानं पलंगाच्या दांडीवर टकटक करायचे.

"दिसली हो, टेलरमास्तर. सगळ्या गिऱ्हाइकांना असंच छळायचात का?"

मला त्या वकीलबाई म्हणायच्या. "इकडे ये, वकीलबाई. लाली दिसली की बोटानं दाबायचं. लाली जाऊन परत आली तर ठीक. दाबूनही जात नसेल, तर आत मांस मरायला लागलंय समज."

एक-दोनदा बाबा ऑफिसातून लवकर आले आणि दोन्ही वेळा सिस्टर नेमक्या मालिका बघत होत्या.

"बसायचा पगार घेते ही बाई," बाबा स्वयंपाकघरात म्हणाले.

"आणि मामंजींना आता काही होतही नाही," आई म्हणाली. "ना ताप, ना जखम. नर्स हवीय कशाला? हवेची गादी आणू. सकाळ-संध्याकाळ आपण बघू."

"पण काही होत नाही ते कुणामुळे?" हा प्रश्न मात्र माझा होता.

"तू अभ्यास कर," दोघं एका सुरात म्हणाले. एरवी रिमोट कुणाकडे राहावा यावरही त्यांचं एकमत होत नाही.

महिनाअखेरीस सिस्टरांना यायचं बंद करायला सांगितलं. जाताना त्यांनी पिशवीतून आरसा काढून खिडकीत ठेवला. "लागेल तुम्हाला," एवढंच म्हणाल्या.

गादी आली. तिचा पंप दिवसभर घोरायचा. आम्ही तिघं बाहेर, दुपारी शेजारच्या काकू डोकावून पाणी पाजून जायच्या. सकाळी ज्या कुशीवर ठेवून जायचो, त्याच कुशीवर आजोबा संध्याकाळी सापडायचे, नाहीतर घसरून पाठीवर आलेले. टकटक केली असेल, तर ती पंपानं ऐकली असेल.

एका संध्याकाळी मी आरसा धरला. माकडहाडावर कोटाच्या बटणाएवढी लाली होती. मी दाबलं. गेली नाही.

"घामोळं असेल," म्हणत आईनं पावडर फासली. बाबा म्हणाले, रविवारी बघू. रविवारपर्यंत कातडी सुटली होती आणि खोलीला वास यायला लागला होता.

डॉक्टरांनी जखम बघून विचारलं, "यांची कूस कोण बदलत होतं?"

"नर्स ठेवली होती ना," बाबा म्हणाले. "तिनं पार दुर्लक्ष केलं."

इतकं पटकन उत्तर मला तोंडी परीक्षेतही सुचत नाही. मग आत्याला फोनवर तेच, काकांना तेच. सांगून सांगून बाबांना ते खरंच वाटायला लागलं, आवाजात फसवलं गेल्याचं दुःखसुद्धा उतरलं. हे सगळे फोन आजोबांच्या उशाशी उभं राहून चालायचे. "त्या बाईनं वाट लावली," असं बाबा म्हणाले की आजोबा दांडीवर टकटक करायचे. जोरात. फोन हातानं झाकून बाबा विचारायचे, "काय हवंय, पाणी?"

पैज लावणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीच्या आजीचा खुबा मोडला. ती शाळेत मला म्हणाली, "तुमच्याच सिस्टर येणार होत्या आमच्याकडे. आईनं आधी तुझ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, घरात घेऊ नका, आमच्या वडिलांची पाठ सडवली तिनं. आईनं नाही सांगून टाकलं. सगळीकडूनच नकार येतोय म्हणे त्यांना. वाचलो बाई तुझ्यामुळे."

"मग आजीचं कोण करतं?"

"कोण कशाला? शहाण्यासारखी पडून असते. हलत पण नाही."

"अगं, जखम सिस्टर गेल्यावर झाली."

तिनं विचारलं, "म्हणजे तुझे बाबा खोटं बोलतात?"

ढाल मिळवलेली मी घंटेचं निमित्त करून वर्गात पळाले.

संध्याकाळी आम्ही जेवत होतो. आतून टकटक आली. बाबांनी भाजी वाढून घेतली, आईनं टीव्हीचा आवाज वाढवला. मी हात धुऊन आत गेले. आजोबांना कुशीवर वळवलं, चादर ताणली, सुरकुती राहिली म्हणून पुन्हा ताणली. जखमेवरची पट्टी ओली होती. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

बाहेर येऊन मी टीव्ही बंद केला.

"सिस्टरांबद्दल तुम्ही माझ्या मैत्रिणीच्या आईला काय सांगितलंत, ते मला कळलंय."

"घरातलं घरात राहू दे," बाबा ताटाकडे बघत म्हणाले. "तुला काय कळतंय त्यातलं."

"बापाला चारचौघांत खोटं पाडणार आहेस का तू?" आई म्हणाली.

"उद्या शाळा सुटली की मी तिच्या घरी जाणार आहे. सिस्टर होत्या तोवर आजोबांच्या पाठीवर ओरखडासुद्धा नव्हता आणि जखम आपल्या हातून झाली, हे तिच्या आईला सांगणार आहे. बाबा, तुम्ही आलात तर तुम्हीच सांगा, मी गप्प उभी राहीन. नाही आलात, तर मी सांगेन."