पहिलं अक्षर

केनियातल्या किसुमूच्या त्या छोट्या रेडिओ केंद्रावर निधनवार्ता वाचायचं काम आविनोला हवं होतं. ती तिथं टेलिफोनवर बसायची. आवाज असा, की भांडायला फोन केलेली माणसंसुद्धा शेवटी तिचीच विचारपूस करून फोन ठेवत. डोळ्यांना दिसत नव्हतं, एवढंच. बऱ्याच विनवण्यांनंतर केंद्रप्रमुख ओगुटूबाबा म्हणाले, "आज थेट वाचून दाखव. जमलं तर काम तुझं. पण मध्ये थांबायचं नाही. आवाज थांबला की लोक दुसरं केंद्र लावतात."

तिची रीत अशी होती. डाव्या कानात संगणकाचा आवाज. खालच्या बाणाची कळ दाबली की तो एक ओळ वाचून दाखवी, आणि ती ओळ आविनो माइकवर म्हणत असतानाच तो पुढची वाची. कान एक ओळ पुढं, तोंड एक ओळ मागं. सराव इतका केलेला, की नवरा वैतागून म्हणे, "आता जेवतानाही माझीच वाक्यं माझ्यामागून बोलायला लागलीस!"

खोट एकच. तो आवाज होता इंग्रजी, आणि तिथल्या लुओ लोकांच्या नावांचं पहिलं अक्षर तो वेगात गिळून टाकी. ढगाळ दिवशी जन्मला तो ओलुओच, जन्मली ती आलुओच. त्याच्या तोंडी दोघंही नुसती 'लुओच'. म्हणून यादी हाती आली की आविनो आधी प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर सुटं ऐकून पक्कं करी.

आज यादी आली तीच मुळी सुरुवातीचं संगीत वाजत असताना. टंकणारी मिलका धापा टाकत म्हणाली, "रागावू नकोस गं, वीज गेली होती. नावं एकाखाली एक नाहीत, सगळं सलग आहे."

पहिल्या दोन नावांपुढं अमक्याची लेक, तमक्याचा मुलगा असं होतं; निभावलं. मग कानात आलं, "उयोमा, जापुओंज लुओच राबारे." उयोमा हे गाव; जापुओंज मात्र शाळेतल्या गुरुजींनाही म्हणतात आणि बाईंनाही.

मागची ओळ बोलून संपली. ठोकून द्यावं का? आणि उयोमात कुणी आलुओचबाई चहा पीत ऐकत असल्या तर? त्यांच्या अंगणात शेजारणी रडत गोळा होतील.

आविनो थांबली. कंट्रोलची कळ दाबून उजव्या बाणानं एकेक शब्द पुढं सरकली. उयोमा. जापुओंज. लुओच. कंट्रोल सोडलं. एकदा उजवा बाण, मग डावा, की पुन्हा पहिल्या अक्षरावर. काचेपलीकडं ओगुटूबाबा टकटक करत होते. आवाज म्हणाला, "ओ."

"जापुओंज ओलुओच राबारे," ती सावकाश म्हणाली, आणि पुढं वाचू लागली.

कार्यक्रम संपताच बाबा आत आले. "गेम गावच्या लेकी, झोपलीस की काय? मी तुझीच निधनवार्ता वाचायला निघालो होतो!"

"ओ की आ, कळेना बाबा. जिवंत बाईला मारण्यापेक्षा गप्प बसले."

"आणि केंद्र मेलं असतं म्हणजे?"

तेवढ्यात फोन वाजला. तो बाबांनीच उचलला, पण पलीकडची बाई आविनोलाही ऐकू येत होती. "त्या उयोमाच्या मास्तरांच्या नावाआधी केवढ्या मानानं थांबलात! आणि आमच्या काकांचं नाव मक्याच्या बाजारभावासारखं भराभर उरकलंत? ते काय कमी होते? गावाच्या शाळेला जमीन दिली त्यांनी!"

"नाही हो आई, कमी कसे... उद्या पुन्हा वाचू. थांबून वाचू." बाबांनी फोन ठेवला.

"मान नव्हता दिला, बाबा. अक्षर शोधत होते."

"ते तिला सांगायला जाऊ नकोस." बाबा खुर्चीत टेकले. "उद्यापासून सगळ्यांच्याच नावाआधी थांब. सारखंच थांब. नाहीतर अख्खी भावकी माझ्या दारात येईल."

"उद्यापासून?" आविनोनं विचारलं.

"मग काय परवापासून?" ओगुटूबाबा म्हणाले, आणि उद्याच्या यादीसाठी मिलकाला हाका मारू लागले.