तीन कॅरेटची घट

संग्रहपालाने पिवळा हिरा तिसऱ्यांदा काट्यावर ठेवला आणि काचेचं झाकण लावलं. आकडा हलला नाही. एकशे बारा कॅरेट.

"काका, बाईंच्या पुस्तकात एकशे पंधरा आहे."

"काटा तपास," समोर बसलेला म्हातारा म्हणाला.

"कालच तपासून आलाय. हिराच कमी भरतोय."

बाई म्हणजे म्हाताऱ्याची बायको. चार महिन्यांपूर्वी ती गेली. या हिऱ्याचा इतिहास लिहिण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. नदीच्या गाळात तो कुणाला सापडला, कुठल्या राणीच्या मुकुटात बसला, युद्धात तीन वर्षं पिठाच्या डब्यात कसा राहिला, हे सगळं तिने शोधलं. संग्रहालयात हिरा बघायला येणारा माणूस तिचंच पुस्तक विकत घेई. आता त्याची दुसरी आवृत्ती निघायची होती.

संग्रहपाल तिच्याच हाताखाली शिकलेला. तो खाली बघत म्हणाला, "बावीस वर्षांपूर्वी कोंदणातून काढला तेव्हा तुम्हीच साफ केला होता ना? त्यानंतर कुणी हात लावलेला नाही."

"हो. मीच."

"चाकावर घेतला होता?"

म्हाताऱ्याने आयुष्यभर हिरे घासले होते. तीन कॅरेट उतरवायचे म्हणजे दिवसचे दिवस चाक फिरवावं लागतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्या दिवशी हातात नुसतं फडकं होतं, असं त्याला वाटत होतं. पण हल्ली दाराला कडी लावली की नाही, हेही तो दोनदा जाऊन बघत असे.

"बघून सांगतो," तो म्हणाला.

घरी मुलगी आईचं कपाट आवरायला आली होती. दोघांनी कागद जमिनीवर पसरले.

"बाबा, आई आणि आकडे! भाजीत मीठ घातलं की नाही आठवायचं नाही, म्हणून दोनदा घालायची."

"आणि मी खायचो."

"तोंडातून शब्द न काढता. फार लाडावून ठेवलंत तिला."

वजनाचं पत्र तळाशी सापडलं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका जवाहिऱ्याचं. 'वजन ११२ कॅरेट.' समासात बायकोने पेन्सिलीने लिहिलं होतं: जुना कॅरेट जड, आजच्या मापाने ११५. हिशोब बरोबर होता. म्हाताऱ्याने पत्र उलटलं. पाठीमागे एकच ओळ होती: 'वजन नव्या मापाने केले आहे.'

म्हणजे एकदा बदललेलं माप तिने पुन्हा बदललं होतं. हिरा शंभर वर्षं तेवढाच होता.

"सापडलं काही?" मुलीने विचारलं.

"नाही."

आपण असं का म्हणालो, हे त्याला कळलं नाही. पत्र त्याने घडी करून ठेवून दिलं. सांगितलं तर आपण सुटतो. पण ज्या आकड्यावर तिने अख्खं एक प्रकरण उभं केलं, तो चुकला असं दुसऱ्या आवृत्तीत छापून येणार. आणि ती बाजू मांडायला येणार नाही. न सांगावं, तर हिऱ्यावर खोटा डाग. हिऱ्याला काय त्याचं? पण तिला चाललं असतं का? जिवंत असती तर दोन दिवस अबोला धरला असता, की हसली असती? एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही त्याला ते ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी तो संग्रहपालासमोर बसला.

"एका पैलूवर ओरखडे होते. चाकावर घेतला."

"बाईंना माहीत होतं?"

"नाही. तिला सांगितलं असतं तर घरात घेतलं नसतं."

संग्रहपाल हसला, मग म्हणाला, "समितीला कळवावं लागेल, काका. कार्यशाळेतल्या कारागिरांच्या पाटीवरून तुमचं नाव काढतील."

"काढू देत."

"आणि इतिहासात हे यायला हवं. बाई असत्या तर त्यांनीच लिहिलं असतं. आता तुम्ही लिहा. एक परिच्छेद पुरे. कुठला पैलू, किती दिवस लागले, घट कशी झाली."

म्हातारा मान हलवून उठला.

छापखान्याने पुस्तक सोमवारपर्यंत थांबवलं होतं. आज गुरुवार होता, सोमवार उलटून गेला होता, तरी छपाई त्याच्या परिच्छेदासाठी अडून होती. टेबलावर कोरा कागद होता. कुठला पैलू लिहायचा, हे अजून ठरलेलं नव्हतं.