पाहणाऱ्याची सही

“ते कार्ड काढून टाक, पोरी,” मृत्युंजयकाका म्हणाले. “त्ये पुस्तक न्हाईच.”

रुद्राणीचा हात थांबला. काकांच्या सिरसाळ्याच्या किराणा दुकानात, तेलाच्या डब्यावर, तिने अण्णांची, तिच्या वडिलांची, पत्र्याची पेटी उघडून ठेवली होती. आत नऊशे कार्डे. बहुरूप्यांची सोंगे, गावाला चकवणारे बनाव, खऱ्या जगण्यात मिसळून जाणारे खेळ. त्यांवर कुठे काय छापून आले आहे, त्याची ही सूची. अण्णा, म्हणजे संगमेश्वर, अंबाजोगाईच्या कॉलेजात ग्रंथालयाचे कारकून. ते, हे काका, केजचे एक मास्तर आणि घाटनांदूरचे पोस्टमन मुंजाजी, अशा चौघांनी बारा वर्षे पत्रापत्री करून ती जमवली होती. नियम एकच. ज्याने पुस्तक डोळ्यांनी पाहिले, त्याची सही कार्डामागे हवी.

अण्णांना जाऊन सव्वा महिना झाला होता. कॉलेजात संगणक आले होते आणि अण्णांचे कपाट रिकामे करायला सांगितले होते. सूची औरंगाबादच्या एका संस्थेने मागितली होती, शनिवारपर्यंत. बिनसहीची एक जरी नोंद निघाली तर सगळी पेटी परत पाठवू, असे तिथल्या बाईंनी बजावले होते. बिनसहीचे कार्ड एकच उरले होते. ‘महिनाभराची तहसील’, हैदराबाद, १९३१. एका बहुरूप्याने अख्ख्या गावाला महिनाभर खोट्या तहसिलीत नांदवल्याची हकिगत.

“न्हाई म्हंजे? मिळत न्हाई?”

“म्याच रचलंय. सत्त्याऐंशीला. तुझा बाप लई हुशार. म्हणलं, खेळांची यादी करायलाय, तर एक खेळ ह्याच्यासंगंच खेळावा. आठ दिवसांत पकडंल, चार शिव्या घालंल, चहा पाजंल. त्यानं पकडलंच न्हाई.”

“मग सांगितलं कावून न्हाई?”

“पयल्या वर्षी मजा वाटली. मग लाज.”

तिने कार्ड उलटे केले. मागे अण्णांचे बारीक अक्षर. हैदराबाद – नाही. गुलबर्गा – नाही. नांदेड – नाही. पुन्हा हैदराबाद – नाही. शेवटची ओळ दवाखान्यातली, जाण्याच्या चार दिवस आधीची: ‘शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ निजामाबादचे. नाव ऐकल्यासारखे वाटते म्हणतात. चौकशी करणे.’

“दवाखान्यात तुमी आलते, काका. तवाबी न्हाई?”

“तोंडाशी आलतं गं. पर तो हसत हुता. म्हणला, मृत्युंजया, आता सापडलंच बघ.”

एक गिऱ्हाईक गूळ मागून थांबले आणि तसेच निघून गेले. काकांनी खिशातला पेन काढला.

“आण इकडं. म्या करतो सही. कोण बघायलंय?”

रुद्राणीने कार्ड छातीशी ओढले. “अण्णांनी बारा वर्षं केली न्हाई, ती सही तुमी करणार?”

काकांचा हात पेनासकट खाली आला.

मग तिनेच तो पेन घेतला. एका कोऱ्या कार्डावर लिहिले: ‘महिनाभराची तहसील. खेळ. रचणारे मृत्युंजय, सिरसाळा. खेळणारे संगमेश्वर, अंबाजोगाई. १९८७ ते १९९९. छापलेले नाही.’ जुने कार्ड तिने त्याला टाचणीने जोडले.

“चालंल का हे तिथं?” काकांनी खाली बघतच विचारले.

“ठाऊक न्हाई.”

नवे कार्ड उलटून, पाहणाऱ्याच्या जागी, तिने आपले पूर्ण नाव लिहिले. मधले नाव लिहिताना तिचा हात जरा रेंगाळला. शाई वाळेपर्यंत तिने पेटीचे झाकण लावले नाही.