मी दाखवले, साठवले नाही

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुम्ही जे जे पाहता ते रंगवून दाखवणे हे माझे काम. म्हणजे होते. आता मी आदिलाबादेत, कापसाच्या मार्केट यार्डामागच्या एका घरात, तुळजाबाईंच्या कपाटात, त्यांच्या लग्नाच्या शालूच्या घडीत पडून आहे. यंत्राला असा मान सहसा मिळत नाही. मला मिळाला, आणि तोच माझ्या जिवाला लागला आहे.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. हिरव्या पाटीवर काळ्या चिपा बसवल्या, वर एक पंखा लावला आणि मला खोक्यात बंद केले. हैदराबादेहून बसने मी इथे आलो. तुळजाबाईंच्या यजमानांनी, बाबारावांनी, मला खोक्यातून काढले आणि कॉम्प्युटरच्या डब्यात बसवण्याआधी कपाळाला लावले. त्या दिवशी मला फार मोठे झाल्यासारखे वाटले.

बाबाराव लग्नाचे व्हिडिओ काढायचे. बेज्जूरच्या रानापासून भैंशाच्या बाजारापर्यंत जिथे मांडव पडेल तिथे ते कॅमेरा घेऊन हजर. घरी आले की कॉम्प्युटरपुढे बसून नवरा-नवरीच्या मागे ताजमहाल उभा करायचे आणि आभाळातून गुलाब पाडायचे. ते गुलाब पाडणारा मी, बरे का!

"इतके गुलाब काऊन पाडून राह्यले?" तुळजाबाई चहा ठेवता ठेवता म्हणायच्या. "नवरी दिसून नाही राह्यली."

डब्यात माझ्या शेजारी हार्ड डिस्क राहायची. सगळे साठवून ठेवणे तिचे काम. ती आपल्या पोटातले काढून द्यायची, मी ते रंगवून पडद्यावर धाडायचो. ती बिचारी कोपऱ्यात गुरगुरत बसे आणि कौतुक मात्र माझ्या वाट्याला येई. मीही ते खुशाल घेत असे.

साऱ्या मुलखाची लग्ने टिपणाऱ्या या माणसाचे स्वतःचे चित्र मात्र जवळपास नव्हतेच. एकदा नवा कॅमेरा तपासायला ते स्वतःच समोर बसले होते, तेवढेच काय ते.

"प्रवीणची आई, लाल दिवा लागला का वं?" त्यात ते विचारतात.

"लागला. बोला आता काहीतरी," कॅमेऱ्यामागून तुळजाबाईंचा आवाज येतो.

"मी काय बोलू? मी त दुसऱ्याले बोलाले लावतो." आणि ते लाजून हसतात.

एका उन्हाळ्यात बाबाराव गेले. छातीत दुखायला लागले आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळे संपले. मुलगा प्रवीण मंचेरियलला नोकरीला. परत जाण्याआधी त्याने आईला कॉम्प्युटर सुरू करून तो व्हिडिओ लावायला शिकवले. दुसरे काही शिकायची त्यांना गरजही वाटली नाही. देवपूजा झाली की त्या पडद्यासमोर बसत आणि बाबाराव हसले की त्याही हसत.

आता माझ्या दुखण्याचे सांगतो. आमच्या गल्लीत कापसाच्या हंगामात हवेतही कापूस असतो. बाबाराव दर दसऱ्याला डबा उघडून, रंगाच्या ब्रशने माझ्या पंख्यातली रुई काढायचे आणि मग हळदकुंकू लावायचे. ते गेल्यावर डब्याला रोज फडके मिळाले, झेंडूचा हारही मिळाला, पण डबा कोणी उघडला नाही. आत माझा पंखा रुईने गच्च झाला. मी तापत गेलो.

एके सकाळी बाबारावांच्या गालावर हिरवे-गुलाबी डाग उमटले. मग चेहऱ्यावर आडव्या रेघा आल्या. तुळजाबाईंनी पडदा ओल्या फडक्याने पुसला, पुन्हा पुसला. शेवटी घाबरून त्यांनी राजकुमारला बोलावले. त्याचे बसस्टँडजवळ दुरुस्तीचे दुकान होते.

राजकुमारने आधी वायर बदलून पाहिली. मग दुकानातला दुसरा पडदा आणून जोडला. डाग तसेच. "पडदा बरा हाये, काकू," तो म्हणाला आणि त्याने मला बाहेर काढले. पडदा काळा झाला. त्याने माझ्यातली रुई उपसली, खोडरबराने, डब्यात खोचायच्या कडेचे माझे सोनेरी दात घासले आणि मला परत बसवले. बाबाराव पडद्यावर स्वच्छ हसू लागले.

तुळजाबाई हे सारे जवळ उभ्या राहून पाहत होत्या. "हे काढलं त ते गेले. लावलं त आले," त्या हळूच म्हणाल्या.

"हौ काकू. याच्यामुळंच त दिसते सारं."

तो खोटे बोलला नाही. त्यांनीही डोळ्यांनी पाहिले तेच मानले. पण त्यांच्या मनात त्या दिवशी बाबाराव माझ्यात राहायला आले.

उपचार उशिरा झाला होता. पुढच्या काही आठवड्यांत माझ्या चिपा उष्णतेने कायमच्या गेल्या आणि पडदा अंधारला. "कार्ड मेलं, काकू. याले बसन असं कार्ड आता भेटत नाही," असे म्हणत राजकुमारने मला काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी मला शालूत गुंडाळले.

दिवाळीला प्रवीण नवा लॅपटॉप घेऊन आला.

"आई, बाबाचा व्हिडिओ काढून घेतला ना? मंग हा डबा भंगारवाल्याले देऊन टाकतो."

"काढून ठेवला. कपाटात हाये."

राजकुमारने पेन ड्राइव्हवर उतरवून दिला असेल असे त्याला वाटले. कपाटातून मला सगळे ऐकू येत होते. डबा उचलला गेला. हार्ड डिस्क त्यातच होती, बाबारावांना पोटात घेऊन. मित्रांनो, मला तोंड असते तर मी टाहो फोडला असता.

दुसऱ्या दिवशी प्रवीण म्हणाला, "आण आई, बाबाले पाहू." तुळजाबाईंनी शालूची घडी उलगडून मला त्याच्यापुढे ठेवले. तो समजला, व्हिडिओ डब्यासोबतच गेला. मग चप्पल न घालता भंगाराच्या दुकानाकडे धावला. माल सकाळीच ट्रकमध्ये भरून गेला होता.

"काऊन पळाला रे?" तो परतल्यावर आईने विचारले.

त्याने तोंडावर पाणी मारले. "काही नाही. या लॅपटॉपले हे बसत नाही, आई. तू ठेव जपून."

"ठेवतो ना. कधी ना कधी बसन."

मित्रांनो, वस्तूला बाहेरून हार घालू नका, तिला आतून साफ करा. आणि टाकण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते कोणाला तरी नीट विचारा. जे आपल्याला दाखवते तेच साठवते असे नसते.

तुळजाबाई आता रोज मला घडीतून काढतात. बाबारावांच्या ब्रशने माझ्यावरची रुई झटकतात, मांडीवर घेतात आणि वाट पाहतात.

"बोला आता काहीतरी," म्हणतात.

मी काय बोलू?