पितराला बसायला माणूस

पितृपक्षाचा चौथा दिवस. मी गोठ्यात शेण काढत होतो, तर मनकर्णावहिनी तरातरा आली आणि कुंपणाशी उभी राहून सुरूच झाली.

"भाऊजी, परवा तुमच्या बाबाची तिथी हाय ना? मंग आताच आयका. ह्यायले पितर बसाले बोलवाचं नाई."

"काहून वहिनी? दरसाल दादाच बसते ना."

"दरसालची गोष्ट सोडा. चार दिवसांत चार घरी जेवले. खीर, वडे, भजे. काल आशाताई वर्षालीनं शुगरची मशीन लावली तं साखर तीनशे ऐंशी! आज सकाळी डोये उघडत नव्हते त्यायचे. तुमाले माणूस पायजे का पितर पायजे?"

तिचा नवरा शेषरावदादा, माझा सख्खा चुलतभाऊ. आमच्याकडे मेलेल्याच्या तिथीला भावकीतला एक माणूस पितर म्हणून पाटावर बसवतात. पन्नाशी उलटलेला आणि बाप वारलेला. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं आणि मेलेला जे आवडीनं खायचा ते सगळं त्याला खाऊ घालायचं. त्यानं नाही म्हणायचं नसतं. तो अर्धपोटी उठला तर वरचा माणूस वर्षभर उपाशी राहतो आणि त्याचा दोष घरातल्या लेकराबाळांना लागतो, असं समजतात. दादाचा आहार मोठा आणि स्वभाव भिडस्त, म्हणून पंधरा दिवस भावकीत घरोघरी त्यालाच आवतण.

नाही बोलावत, म्हणून मी वहिनीला शब्द दिला. शब्द द्यायला माझं काय जात होतं!

दुपारी दुसरा माणूस शोधायला भावकीतल्या खुशालरावांच्या वावरात गेलो. सोयाबीनला शेंगा भरत होत्या आणि आभाळ काही उघडत नव्हतं. वावराच्या कडेच्या धुऱ्यावरचा काळा चिखल चपलेला धरून ठेवत होता.

"बसलो असतो लेका," खुशालराव म्हणाले, "पन सकाळ-संध्याकाळ सुई घेऊन राहिलो मी. खीर खाल्ली तं पोरगी जीव घेईन माहा."

तिथून चंद्रभानकडे. तो अंगणात खाटेवर बसला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी त्यानं विचारलं, "कोन हाय?" साखरेनं त्याची नजर गेलेली. मी इकडचं तिकडचं बोललो आणि परत फिरलो.

शेवटी आशाताई वर्षालीला गाठलं. तिनं वही उघडली.

"काका, तुमच्या भावकीत पितर बसाजोगे अकरा जन. त्यातल्या नऊ जनाले शुगर हाय. धाव्वा पोराकडे पुन्याले गेला, अन् अकराव्याले मी तीनदा बोलावलं, थो तपासाले येतच नाई."

"मंग त्यालेच बसवतो."

"बसवा. शुगर निंघन ह्या भेवानंच थो येत नाई, थे तुमाले मालूम हाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अन् तुमची दोनशे चाळीस होती. गोळ्या घेऊन राहिले ना?"

मी उठून घरी आलो. बायको शकुन म्हणाली, "बिनसाखरेची खीर करू. मंग कोनीबी बसन." मी तिच्यावरच उखडलो. "बाबानं कधी फिकी खीर खाल्ली होती काय?" आज वाटतं, तेव्हा तिचं ऐकायला पाहिजे होतं.

तिथीच्या दिवशी चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी टाकली, कावळ्याचा घास ठेवला. पाट मात्र रिकामा. बारा वाजून गेले. तेवढ्यात शेषरावदादा वावरातून थेट दारात. अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"काहून रे शेखर? काकाले उपाशी ठेवतं काय?"

"दादा, वहिनी नाई म्हने."

"तिचं राहू दे. काकानं मले औत धराले शिकवलं. आन पानी."

मी त्याला परत पाठवायला पाहिजे होतं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

शकुन पाणी ओतत होती, मी पाय चोळत होतो. चिखल निघाला तसं डाव्या अंगठ्याखाली बोटाला काही टोचलं. बाभळीचा काटा होता, आत मोडलेला. भोवतालचं मांस काळं पडलं होतं आणि वास मारत होतं.

"दादा, हे कधी लागलं?"

"काय?"

मी जागा दाबली. तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. "रुतला असन कुठी. दुखत तं नाई."

तसाच पळालो. वर्षालीला आणि वहिनीला घेऊन आलो, तोवर दादा पाटावर बसून जेवत होता. शकुन बिचारी त्याला कशी थांबवणार!

वर्षालीनं पाय पाहिला. "आताच्या आता अमरावतीले न्या लागते. अंगठा तं जाईनच. पाय वाचला तं नशीब."

मी गाडी बोलावली. ती दारात येऊन लागली.

"दादा, उठ," मी म्हटलं.

त्यानं वहिनीकडे पाहिलं. ताटात अजून अर्धं अन्न होतं. मला वाटलं, आता ही त्याचा हात धरून ओढत नेईल. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पाटाशेजारी खाली बसली.

"जेवू द्या त्यायले," ती म्हणाली. "अर्ध्या ताटावरून पितर उठवत नसते भाऊजी. लेकराबायाचं घर हाय तुमचं."

वर्षाली तोंड फिरवून उभी राहिली. बाहेर गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. दादानं वाटी पुढे केली, आणि मी खीर वाढली.